उमेदवार ताईंनो, खोट्या आरोपाला उत्तर असं द्या

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



आम्ही बचत गटांच्या समन्वयक. एरवी या वेळेला आम्ही तुमच्याशी कर्जाचे हप्ते, शेळीपालन, मिरचीची वाळवण, बँकेत खातं कसं उघडायचं यावर बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या बाईवर खोटे आरोप झाले तर तिनं काय करावं, यावर आज बोलायचं आहे.

सुरुवातीलाच सांगतो, आम्ही कुठल्या पक्षाच्या किंवा पॅनेलच्या वतीनं बोलत नाही. कुणाला मत द्या, कुणाला देऊ नका, हे आम्ही सांगणार नाही. आजचं बोलणं सगळ्याच उमेदवार ताईंसाठी आहे. आणि त्यांच्याबद्दल काहीबाही ऐकणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठीही आहे.

बचत गटात हा विषय का काढला? तर गट हीच आपली पहिली शाळा. सही करायला इथं शिकलो, चारचौघींत उभं राहून बोलायला इथं शिकलो. २४ एप्रिल १९९३ पासून त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ग्रामपंचायतीत बायकांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ मध्ये आपल्या राज्यानं त्या निम्म्या केल्या. त्यानंतर गावोगावी उमेदवार शोधायला लोक बचत गटाच्या बैठकीतच यायला लागले. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष राहिलेल्या आपल्या कितीतरी जणी आज पंच आहेत, सरपंच आहेत.

पण अर्ज भरला की चार दिवसांत कुजबुज सुरू होते. आम्ही गावागावांत फिरतो, तेव्हा एक गोष्ट दिसते. निवडणूक हरलेली बाई पुन्हा उभी राहते. हरल्याचं दुःख तिला पेलतं. पण जिच्याबद्दल खोटं पसरलं आणि जिला उत्तरच देता आलं नाही, ती पुन्हा अर्ज भरत नाही. तिच्या शेजारची भरत नाही. तिच्या सुनेलाही घरचे भरू देत नाहीत. एका खोट्यानं दहा वर्षांचं नुकसान होतं. म्हणून उत्तर कसं द्यायचं हे शिकायला पाहिजे, जसं आपण हिशोब लिहायला शिकलो.

आता पहिली गोष्ट. प्रत्येक टीका म्हणजे खोटा आरोप नव्हे. "मागच्या पाच वर्षांत तुम्ही ग्रामसभेला किती वेळा आलात?" हा प्रश्न आहे, त्याला चिडायचं नाही. "निवडून आल्यावर कारभार तुम्ही करणार की तुमचे मालक?" हा प्रश्न बोचतो, पण विचारायचा हक्क मतदाराला आहे. त्याचं उत्तर स्वतः प्रचाराला फिरून, स्वतः बोलून द्यायचं. पोस्टरवर नवऱ्याचा फोटो मोठा आणि तुमचा लहान असेल, तर तो प्रश्न विचारणाऱ्याचं काय चुकलं? आणि आरोपात काही खरं असेल, तर तेवढं खरं मान्य करायचं. घरपट्टी थकली होती तर "थकली होती, या तारखेला भरली, ही पावती" असं सांगायचं. खऱ्याला खोटं म्हटलं की पुढं तुमचं खरंही कुणी खरं मानत नाही.

खोटा आरोप वेगळा. आपल्या भागात तो साधारण चार वाटांनी येतो. पहिली वाट पैशाची: "गटाचे पैसे खाल्ले." दुसरी कागदाची: "तिला तिसरं मूल आहे, दाखला बोगस आहे, घर अतिक्रमणात आहे, अर्ज बाद होणार." तिसरी चारित्र्याची, ती सांगायला नको. आणि चौथी शेवटच्या रात्रीची: "तिनं माघार घेतली, आतून अमक्याला पाठिंबा दिला."

यावर आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. घरातले म्हणतात, "गप्प बस, बोलणाऱ्याचं तोंड धरता येतं का?" कार्यकर्ते म्हणतात, "त्यांचीही लफडी बाहेर काढू." आमच्या मते हे दोन्ही सल्ले घेऊ नयेत.

गप्प बसल्यावर काय होतं त्याचं एक लांबचं उदाहरण सांगतो. २००४ साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. जॉन केरी हे उमेदवार व्हिएतनामच्या युद्धात लढलेले, पदकं मिळवलेले. ऑगस्टच्या सुरुवातीला काही माजी सैनिकांच्या एका गटानं टीव्हीवर जाहिराती सुरू केल्या, की यांनी युद्धातल्या कामगिरीबद्दल खोटं सांगितलं. नौदलाच्या नोंदी केरींच्या बाजूनं होत्या. तरी त्यांनी स्वतः जाहीरपणे ठणकावून उत्तर द्यायला सुमारे दोन आठवडे लावले. तोपर्यंत तीच चर्चा घराघरांत पोचली होती. नोव्हेंबरमध्ये ते हरले. फक्त त्या एका गोष्टीनं हरले असं नाही, पण उशिरा उत्तर दिल्याचं उदाहरण म्हणून ते आजही सांगितलं जातं. एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या मोठ्या माणसाचं असं होतं, तर आपल्या गल्लीत दोन आठवडे थांबून कसं चालेल? आपल्याकडे तर चिन्ह मिळाल्यापासून मतदानापर्यंत हातात मोजके दिवस असतात.

आणि उलट चिखलफेक केली तर? तर लोक म्हणतात, "दोघी सारख्याच." जिनं आधी खोटं बोललं ती सुटते आणि जिच्यावर खोटं आलं ती तिच्याच रांगेत जाऊन बसते. शिवाय निवडणूक संपल्यावर राहायचं त्याच गावात आहे. पाणी त्याच नळावर भरायचं आहे.

मग करायचं काय? आमच्या प्रभागातल्या एका गावात काय झालं ते सांगतो. गावाचं आणि ताईचं नाव घेत नाही. ती गटाची कोषाध्यक्ष होती आणि पंचायतीला उभी राहिली होती. एका सकाळी गावाच्या व्हॉट्सअप ग्रुपवर मेसेज फिरला: "गटाचे दीड लाख कुठं गेले? विचारा कोषाध्यक्षांना." झालं असं होतं, की बँकेनं गटाला दीड लाखाचं कर्ज दिलं होतं. ते दहा जणींनी वाटून घेतलं होतं, कुणी शेळ्या घेतल्या, कुणी शिलाई मशीन, कुणी कापसाच्या बियाण्याला लावले. फेडही झाली होती. मेसेज लिहिणाऱ्यानं कर्ज आल्याचं तेवढं सांगितलं, फेडल्याचं सांगितलं नाही.

ताई आधी रडल्या. मग संध्याकाळीच गटाची बैठक बोलावली. बैठकीत आधी सगळ्या जणींना विचारलं, "तुमची कर्जाची नोंद चारचौघांत वाचली तर चालेल का?" हे विचारणं फार महत्त्वाचं, कारण कर्ज ही प्रत्येकीची खासगी गोष्ट आहे. दोघी नको म्हणाल्या, त्यांची नावं घेतली नाहीत. बाकीच्या स्वतः उठून बोलल्या: मी इतके घेतले, मी फेडले. बँकेचा कर्ज फिटल्याचा दाखला आणि पासबुक सगळ्यांसमोर ठेवलं. मग ज्या ग्रुपवर तो मेसेज आला होता, त्याच ग्रुपवर त्यांनी आपल्या आवाजात उत्तर टाकलं. ते साधारण असं होतं:

"आमच्या गटानं दीड लाखाचं कर्ज घेतलं आणि पूर्ण फेडलं. सकाळी फिरलेल्या मेसेजमध्ये अर्धीच गोष्ट आहे. बँकेचा दाखला ग्रामसंघाच्या खोलीत ठेवला आहे, कुणीही येऊन बघावा. आता आपल्या वस्तीच्या पाण्याचं बोलू."

एवढंच. एका मिनिटाच्या आत. कुणाचं नाव नाही, शिवी नाही, शपथ नाही, पोराबाळांची आण नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच मेसेज आला, तेव्हा त्यांनी नवं काही लिहिलं नाही, कालचंच उत्तर परत पाठवलं आणि प्रचाराला निघून गेल्या.

त्या निवडून आल्या का? नाही, थोड्या मतांनी हरल्या. पण गट फुटला नाही. पुढच्या महिन्यात सगळ्यांची बचत वेळेवर जमा झाली. आणि हरलेल्या ताईंना त्याच गावानं ग्रामसभेत पाण्याच्या प्रश्नावर बोलायला पुढं केलं. उत्तरानं निवडणूक जिंकताच येईल असं आम्ही म्हणत नाही. उत्तरानं आपलं नाव आपल्याजवळ राहतं.

या उत्तरात काय काय होतं ते नीट बघा. एक, ते त्याच दिवशी आलं. दोन, जिथं खोटं बोललं गेलं तिथंच आलं. खोटं व्हॉट्सअपवर आणि उत्तर फक्त आपल्या गल्लीत, असं नाही. तीन, सोबत कागद होता. चार, बोलणारी ती एकटी नव्हती, तिच्या बाजूनं ज्यांना माहिती होती त्या स्वतः बोलल्या. उमेदवारानं स्वतःबद्दल सांगितलेलं लोक अर्धं ऐकतात, पण व्यवहारात असलेल्या बाईनं सांगितलेलं पूर्ण ऐकतात. पाच, ती लगेच आपल्या कामाच्या विषयावर आली.

आणि सहावी गोष्ट सगळ्यात बारीक आहे. तिची सुरुवात "मी पैसे खाल्ले नाहीत" अशी नव्हती. अमेरिकेतले भाषातज्ज्ञ जॉर्ज लेकॉफ यांचं म्हणणं असं, की माणसाला "हत्तीचा विचार करू नका" म्हटलं की पहिला हत्तीच आठवतो. तसं "मी चोर नाही" म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानात "चोर" राहतो. म्हणून आधी खरं सांगायचं, मधे खोट्याचा एका वाक्यात उल्लेख करायचा, आणि शेवटी पुन्हा खऱ्यावर यायचं. आरोप जसाच्या तसा दहा वेळा बोलून दाखवला, तर त्याचा प्रचार आपणच केला.

यातूनच दुसरी गोष्ट निघते: प्रत्येक कुजबुजीला लाऊडस्पीकरवर उत्तर द्यायचं नसतं. चार घरांत काही बोललं गेलं असेल, तर त्या चार घरांत जाऊन, चहा पीत बोलायचं. रिक्षावर भोंगा लावून उत्तर दिलं, तर ज्या चारशे घरांनी ऐकलं नव्हतं तेही ऐकतील. खोटं जेवढं पसरलं, तेवढंच उत्तर न्यायचं.

आता कागदाच्या आरोपांबद्दल. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातली गोष्ट आहे, विचखेडा गावची. मनीषा पानपाटील या तिथं सरपंच झाल्या. विरोधकांनी तक्रार केली, की त्या सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात, म्हणून अपात्र. त्यांचं म्हणणं होतं, की आपण त्या घरात राहतच नाही, नवरा आणि मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो. तरी जिल्हाधिकाऱ्यांकडे निकाल विरोधात गेला, विभागीय आयुक्तांकडे विरोधात गेला, उच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचं सरपंचपद परत दिलं. आरोपाची नीट पडताळणी झाली नाही हे न्यायालयानं सांगितलंच. शिवाय, गावकऱ्यांना बाई सरपंच झालेली सहन झाली नाही, असंही मत नोंदवलं. शेजारच्या जिल्ह्यातली एक सरपंच दिल्लीपर्यंत लढली आणि जिंकली, हे आपण लक्षात ठेवायचं. पण दिल्लीपर्यंत जावं लागलं, हेही लक्षात ठेवायचं.

म्हणून अर्ज भरण्याआधीच एक फाईल तयार करा. त्यात घराचा उतारा किंवा भाड्याचा करार, घरपट्टी-पाणीपट्टीची पावती, शौचालयाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, राखीव जागा असेल तर जातीचे कागद, अर्जासोबत दिलेल्या शपथपत्राची प्रत ठेवा. गटात पद असेल तर गटाचं पासबुक आणि लेखापरीक्षणाचा कागदही ठेवा. मुलांची अट अशी आहे, की १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं नसावं. पुष्कळदा ही तारीख लोकांना माहीत नसते आणि "तीन मुलं आहेत" एवढ्यावर बोंब उठते. तुम्हाला तारीख माहीत असली आणि जन्मदाखला हातात असला, तर उत्तर अर्ध्या मिनिटात होतं. छाननीच्या दिवशी ही फाईल सोबत असू द्या. तिथं हरकत आली तर तिथल्या तिथं उत्तर देता येतं.

कायदा आपल्या बाजूला आहे का? आहे. निवडणुकीच्या निकालावर परिणाम करायच्या हेतूनं उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल किंवा वागणुकीबद्दल जाणूनबुजून खोटं छापणं-पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ खाली गुन्हा आहे, त्याला दंड आहे. बदनामीसाठी कलम ३५६ आहे. बाईच्या लज्जेला धक्का लावणारे शब्द किंवा हावभाव यासाठी कलम ७९ आहे. विधानसभा आणि लोकसभेच्या निवडणुकीत तर असं खोटं विधान लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचार ठरतं आणि निवडूनही रद्द होऊ शकते.

तशी रद्द झालेलीही आहे, आपल्याच मराठी मुलखात. १९९१ ची लोकसभा निवडणूक, तेव्हाचा अहमदनगर मतदारसंघ, आजचा अहिल्यानगर. यशवंतराव गडाख जिंकले, बाळासाहेब विखे पाटील हरले. विखे पाटील न्यायालयात गेले, की प्रचारात आपल्याबद्दल पैशाच्या व्यवहाराचे खोटे आरोप केले गेले. उच्च न्यायालयानं १९९३ मध्ये गडाखांची निवड रद्द केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवड रद्द केल्याचा निर्णय कायम ठेवला. पण विखे पाटलांना विजयी घोषित करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश मात्र मान्य केला नाही.

या खटल्यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. खोटं बोलून जिंकलेली जागा जाऊ शकते, ही पहिली. आणि दुसरी, निवडणूक १९९१ ची आणि शेवटचा निकाल १९९३ चा. अडीच वर्षांनी मिळालेला न्यायही न्यायच, पण मतदान तोवर होऊन गेलेलं असतं. म्हणून तक्रार जरूर करा, पण तक्रारीवर विसंबून गावातलं उत्तर थांबवू नका. दोन्ही एकाच दिवशी करा.

तक्रार करायची तर पुरावा आधी जपा. मेसेजचा स्क्रीनशॉट काढा, त्यात नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. ऑडिओ-व्हिडिओ मोबाईलमधून पुसू नका, कितीही घाण असला तरी. छापील पत्रक असेल तर त्यावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव आहे का ते बघा. नसेल तर तीही तक्रारीची बाब आहे. लेखी अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. फोटो-व्हिडिओ बनावट करून टाकले असतील तर पोलिसांत जा, सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा नंबरही आहे. ग्रामपंचायतीच्या निकालालाच आव्हान द्यायचं असेल, तर निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो. पंधरा दिवस रडण्यात घालवले तर दार बंद होतं.

शेवटच्या रात्रीच्या अफवेसाठी आधीच तयारी ठेवा. प्रचार संपल्यावर तुम्हाला सभा घेता येत नाही, भोंगा लावता येत नाही. म्हणून प्रचार चालू असतानाच प्रत्येक सभेत सांगून ठेवा: "माझं नाव आणि माझं चिन्ह मतदानयंत्रावर असणार आहे. मी माघार घेतली असं रात्री कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका." अफवा यायच्या आधीच उत्तर पोचलेलं असलं, की रात्री धावाधाव होत नाही.

चारित्र्यावरच्या आरोपाचं काय? तिथं कागद नसतो. बाईनं चारित्र्याचा पुरावा द्यायचा नसतो, आणि द्यायला सुरुवात केली की संपत नाही. आम्ही सांगतो, एकच वाक्य बोला: "माझ्या कामाबद्दल विचारा, उत्तर देते. हे बोलणं गुन्हा आहे, त्याची तक्रार मी दिली आहे." पुढं एक शब्दही नको. आणि त्या दिवशी प्रचाराला एकटी जाऊ नका. गटाच्या दहा जणी बरोबर घ्या. घरच्या पुरुषांनाही आमचं सांगणं आहे: अशा वेळी तिला "कशाला उभी राहिलीस" असं म्हणू नका. बाहेरच्यानं फेकलेला दगड घरातून परत तिच्यावरच मारू नका.

अजून एक गोष्ट अजिंठ्यासारख्या गावात बोललीच पाहिजे. आपल्याकडे मंदिर, मशीद, विहार सगळं एका हाकेच्या अंतरावर आहे. गटाच्या बैठकीत आपण एका सतरंजीवर बसतो. निवडणुकीत उमेदवाराच्या नावावर दुसऱ्या समाजाविरुद्ध बोलल्याची खोटी क्लिप फिरू शकते. आता यंत्र माणसाचा आवाजही हुबेहूब काढतं. अशा क्लिपला उत्तर द्यायला तास दोन तासही थांबायचं नाही. उमेदवारानं दोन्ही समाजांतल्या जाणत्या माणसांना बरोबर घेऊन एकत्र उभं राहून सांगायचं आणि पोलिसांना त्याच वेळी कळवायचं. तिथं प्रश्न एका जागेचा राहत नाही, गावाचा होतो.

आता उमेदवार नसलेल्या मैत्रिणींना सांगणं आहे. खोटं एक माणूस तयार करतो, पण पसरवायला शंभर हात लागतात. त्या शंभरात आपला हात नको. मेसेज आला की पुढं ढकलण्याआधी ज्या बाईबद्दल आहे तिला विचारा. आठवडी बाजारात, दळणाच्या गिरणीवर कुणी सांगायला लागलं, तर एवढंच म्हणा: "तू बघितलंस का?" बहुतेक वेळा गोष्ट तिथंच थांबते. आणि ती बाई तुम्हाला मत द्यायला पटत नसली, तरी हे करा. मत नाही द्यायचं तर नका देऊ, पण तिच्याबद्दल खोटं पुढं नेऊ नका. उद्या तुमची लेक उभी राहील तेव्हा गावाला हीच सवय लागलेली असू दे.

या महिन्याच्या गटाच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. एकीनं उमेदवार व्हायचं, दुसरीनं खोटा आरोप करायचा, आणि पहिलीनं एका मिनिटात उत्तर द्यायचं. आधी खरं, मधे एक वाक्य, शेवटी काम. हसत-खेळत दोन-तीनदा केलं की जीभ वळते. प्रत्यक्ष वेळ येईल तेव्हा घशात आवंढा येईलच, पण शब्दही येतील.

तुमच्या गावात असं काही घडलं असेल आणि तुम्ही काही वेगळा उपाय केला असेल, तर ग्रामसंघाच्या बैठकीत आम्हाला जरूर सांगा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा ग्रामसभेत ठराव कसा मांडायचा यावर बोलू. तोपर्यंत रजा द्या. नमस्कार.